तालुक्यात धावण्याची ग्रँड प्रिक्स मालिका कशी भरवायची

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा-आर्णी पट्ट्यात धावण्याच्या स्पर्धांना तोटा नाही. जयंती असो, यात्रा असो की कुणाचा वाढदिवस, चौकात बॅनर लागतो. पहिलं बक्षीस ५,००१, दुसरं ३,००१. स्पर्धेच्या दिवशी पहाटेच बाहेरगावच्या अकॅडमीची पोरं गाडी करून येतात, वरची सगळी बक्षिसं उचलतात आणि नऊच्या आत परत जातात. गावातला पोरगा चौदावा येतो. त्याच्यासाठी टाळ्या वाजतात, हातात केळं पडतं. पुढची स्पर्धा कधी, कुठे, हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तो पहाटे उठत नाही.

मी शाळेत पीटी शिकवते आणि हा चौदावा पोरगा माझ्या काळजीचा विषय आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा धावायला त्याला काहीतरी कारण पाहिजे. एकेकटी स्पर्धा ते कारण देत नाही, फेरीमागून फेरी गुण जोडत नेणारी मालिका देते. आम्ही पाच गावं मिळून हिवाळ्यात अशी मालिका भरवतो. तुमच्या तालुक्यात भरवायची असेल तर काय काय करावं लागतं ते इथे सविस्तर लिहिते.

ग्रँड प्रिक्समधून काय उचलायचं

ग्रँड प्रिक्स म्हणजे फ्रेंचमध्ये मोठं बक्षीस. मोटारींची पहिली फ्रेंच ग्रँड प्रिक्स १९०६ साली ल मां इथे झाली. दोन दिवस चाललेली ती शर्यत रेनो गाडीवर फेरेन्त्स सिसने जिंकली. पुढे अनेक देशांनी आपापल्या ग्रँड प्रिक्स सुरू केल्या, त्याही बराच काळ आपल्या बॅनरवाल्या स्पर्धांसारख्या सुट्याच होत्या. १९५० साली अशा सहा आणि अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० मिळून सात शर्यती एका गुणतक्त्यात ओवल्या गेल्या आणि फॉर्म्युला वनची जागतिक चालक स्पर्धा सुरू झाली. पहिला विजेता ज्युसेप्पे फारिना. अ‍ॅथलेटिक्समध्ये हीच कल्पना १९८५ साली आली, १९९८ मध्ये तिच्यावर गोल्डन लीग उभी राहिली आणि २०१० पासून डायमंड लीग आहे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला तो २०२४ च्या पॅरिस डायमंड लीगमध्ये. भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघ इंडियन ग्रँड प्रिक्स नावाने स्वतःची मालिका भरवतो. टोकियोला जाण्याआधी नीरज चोप्राने ८८.०७ मीटर भाला फेकला तो तिथेच, पतियाळाला, ५ मार्च २०२१ रोजी.

या सगळ्यांतून आपल्याला दोनच गोष्टी घ्यायच्या आहेत. तेच धावपटू पुन्हा पुन्हा समोरासमोर आले पाहिजेत आणि एका फेरीची कमाई पुढच्या फेरीत सोबत गेली पाहिजे. ट्रॅक्टरवरचा मंच, पाहुणे, डीजे नसले तरी काही अडत नाही.

तारखा आधी, बाकी नंतर

विदर्भात तारखा ठरवताना पंचांगाआधी वावर पाहावं लागतं. दिवाळीपर्यंत सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चालते, मग हरभरा-गव्हाची पेरणी. कापसाची वेचणी तर दिवाळीच्या आगेमागे सुरू होते ती उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटच्या वेचणीपर्यंत, चालूच. फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा आणि मार्चपासून ऊन. उरतात नोव्हेंबरअखेर ते जानेवारीअखेर एवढेच दिवस. त्यात पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पाच फेऱ्या नीट बसतात: पहिली नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, शेवटची २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर. त्या दिवशी सगळं गाव तसंही शाळेच्या मैदानावर असतं, प्रेक्षक गोळा करायला लागत नाहीत.

पंधरा दिवसांहून कमी अंतर ठेवू नका. नव्या पोराचे पाय एका जोरदार शर्यतीनंतर चार-पाच दिवस भरलेले राहतात. त्यानंतर त्याला आठवडाभर सराव करायला मिळाला तरच पुढच्या फेरीत वेळ सुधारते. आणि वेळ सुधारल्याचं दिसलं की तो टिकतो.

त्या गावाचा आठवडी बाजार रविवारी असेल तर तिथली फेरी शनिवारी घ्या. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो, साडेसातला पहिली शर्यत सोडा, नऊला आवरा. वेचणीला जाणाऱ्या पोरींची रोजी बुडाली तर त्या दुसऱ्यांदा येणार नाहीत, म्हणून मी मुलींची शर्यत नेहमी पहिली घेते.

पाचही तारखा आणि पाचही गावं एकाच कागदावर छापून पोळ्यापर्यंत वाटून टाका. दरम्यान प्रत्येक ग्रामपंचायतीचा ठराव, मुख्याध्यापकांचं मैदानासाठी पत्र, आणि शर्यतीचा काही भाग रस्त्यावर असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, एवढं हातात ठेवा. तोंडी होकारावर विसंबू नका. सरपंच बदलतात, मुख्याध्यापकांची बदली होते, कागद मात्र जागेवर राहतो.

मैदान आखणं

आम्ही मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर ठेवतो, त्याचं कारण सरळ आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत हीच अंतरं असतात, ५० पैकी २० गुण त्यांनाच. गावातला धावणारा दहातला सात-आठ वेळा भरतीसाठीच धावत असतो. त्याला त्याच्या कामाचं अंतर द्या, तो आपणहून येतो.

४०० मीटरचा ट्रॅक गावात कुठून आणणार? २०० मीटरचा आखा. मुलांची आठ चक्करं, मुलींची चार, हिशेब सोपा. त्याला साधारण ९५ बाय ४५ मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे एकराहून थोडी जास्त. आखणी अशी:

मैदानाच्या मधोमध बरोबर ५० मीटर अंतरावर दोन लोखंडी खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीला तार बांधून १५.७२ मीटरच्या त्रिज्येने बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळ काढा. दोन्ही अर्धवर्तुळांची टोकं सरळ रेषेने जोडा, ही झाली आतली रेघ. धावणारा रेघेवरून धावत नाही, तिच्या थोडा बाहेरून धावतो, म्हणून नियमाप्रमाणे अंतर रेघेपासून २० सेंटीमीटर बाहेर मोजतात. तिथे त्रिज्या १५.९२ होते, दोन वळणांचे मिळून १०० मीटर आणि दोन सरळ बाजूंचे १००. सुतळी वापरू नका, ती ताणली जाते. बांधकामाची बारीक तार घ्या. टेपही कापडी नको, स्टीलचा ५० मीटरचा घ्या. तालुक्याच्या गावी सर्व्हेवाल्यांकडे किंवा ठेकेदाराकडे एका दिवसासाठी मागितला तर मिळतो.

अर्धवर्तुळ कुठे संपतं हे ठरवायला खुंटीपाशी काटकोन लागतो. तिथे गावातला गवंडी बोलवा. तो ३-४-५ चा गुण्या लावून पाच मिनिटांत कोपरा काढून देतो, आणि एकदा त्याने मैदानाला हात लावला की मालिका त्याचीही होते.

सगळ्यांना एकाच रेघेवरून सोडणार असाल तर लेन आखायची गरज नाही. कधी २०० मीटरची एका चक्कराची शर्यत लेनमधून घ्यायची असेल तर लेन १.२२ मीटर रुंद ठेवा आणि दुसऱ्या लेनचा धावपटू ७.६७ मीटर पुढे, तिसऱ्याचा १५.३३, चौथ्याचा २३ मीटर पुढे उभा करा.

रेघा फक्कीने, म्हणजे मैदानावरच्या पांढऱ्या भुकटीने, मारा. घराला लावायचा कळीचा चुना कुणी आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका, तो डोळ्यात गेला तर डोळा जातो.

आता जमीन. काळ्या मातीचं मैदान डिसेंबरात भेगाळतं आणि त्या भेगेत पाय गेला की घोटा मुरगळतो. शक्यतो मुरमाड, बरड जागा निवडा. काळी मातीच असेल तर आधीच्या आठवड्यात भेगांत मुरूम भरा, पाणी मारा, रोलर फिरवा. रोलर नसेल तर ट्रॅक्टरची दोन-चार चक्करं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सराटे आणि बाभळीचे काटे वेचा. हे काम मी पाचवी-सहावीच्या पोरांकडून चपला घालून करून घेते आणि शेवटी स्वतः एक पूर्ण चक्कर अनवाणी चालते. आमची अर्धी पोरं बूट नसल्याने अनवाणीच धावतात, त्यांच्या तळपायाला जे लागेल ते आधी मला लागू दे.

मैदान नसेलच तर पांदण रस्ता घ्या. ८०० मीटर जायचं, खांबाला वळसा घालून यायचं. मोटारसायकलच्या मीटरवर अंतर मोजू नका. स्टीलच्या टेपने आधी १०० मीटर नेमके मोजा, सायकलच्या चाकावर रंगाची खूण करा, त्या १०० मीटरमध्ये चाकाचे किती वेढे होतात ते मोजा आणि त्याच हिशेबाने पांदण मोजा. मोठ्या शहरांतल्या रस्त्यावरच्या शर्यतीसुद्धा सायकलनेच मोजतात. फक्त त्यांच्या चाकाला मोजणारं यंत्र असतं.

गुण कसे द्यायचे

मालिकेचा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

फॉर्म्युला वनने १९५० साली पहिल्या पाचांना ८, ६, ४, ३, २ असे गुण दिले आणि सर्वांत वेगवान चक्कराला १. पुढे हे अनेकदा बदललं. २०१० पासून पहिल्या दहांना २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ मिळतात. डायमंड लीगमध्ये पहिल्या आठांना ८ पासून १ पर्यंत एकेक उतरत जातात. दोन्हींतला फरक नीट पाहा. जिथे पहिल्या-दुसऱ्यात सात गुणांचं अंतर आहे तिथे जिंकण्याला किंमत आहे, माणूस शेवटच्या शंभर मीटरमध्ये जीव तोडतो. जिथे एकाच गुणाचं अंतर आहे तिथे रोज हजर राहून दुसरा-तिसरा येणाराही वर सरकतो. डायमंड लीगला ते चालतं, कारण तिथे हे गुण अंतिम फेरीत प्रवेशापुरते असतात आणि विजेता अंतिम फेरीतच ठरतो. आपल्याला पाच फेऱ्यांच्या बेरजेवर विजेता काढायचा आहे, म्हणून मोटारींचा तक्ता जास्त बरा.

पण तो जसाच्या तसा घेतला तर चौदाव्या पोराच्या नावापुढे शून्य राहतं. म्हणून आमचा तक्ता असा आहे: २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, ३, २, आणि त्यानंतर शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला १. त्या एका गुणाने केलेलं काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आम्ही काळा रंग मारून फळा केला आहे. पहिल्या फेरीच्या संध्याकाळी एक पोरगा तिथे आला, सतरावा आलेला. खालून नावं वाचत वर आला, स्वतःच्या नावापुढचा १ सापडला तसा त्यावर बोट ठेवलं, मग दहाव्याच्या २ वर ठेवलं. म्हणाला, "मॅडम, पुढच्या खेपेले मी दहाच्या आत येतोच, पाहजा तुमी." दुसऱ्या फेरीत तो बारावा आला. चौथ्या फेरीत नववा.

पाचपैकी चार फेऱ्या मोजा. खेड्यात मयत होते, लग्न निघतं, तुरीची गंजी लावायची असते, भरतीचा कॉल येतो. एक गैरहजेरी माफ असली की मधेच सोडून देणारे कमी होतात. मात्र हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगा, कारण तो नंतर कळला तर भांडणं होतात. १९८८ साली फॉर्म्युला वनमध्ये सोळापैकी अकरा उत्तम निकाल मोजत. अलेन प्रोस्टचे एकूण गुण १०५, आयर्टन सेन्नाचे ९४. मोजायचे तेवढेच मोजल्यावर सेन्नाचे ९० आणि प्रोस्टचे ८७ झाले आणि जगज्जेता सेन्ना ठरला. नियम आधीच लिहिलेला असल्यामुळेच तो निकाल टिकला. तुमच्या फळ्यावर 'एकूण' आणि 'मोजलेले' असे दोन वेगळे रकाने ठेवा.

बरोबरीचं काय, तेही आधीच ठरवा. उदाहरण घेऊ. ७ नंबरचा धावपटू पहिल्या दोन फेऱ्या जिंकतो, तिसरीला येत नाही, चौथी-पाचवीला दुसरा येतो: २५, २५, ०, १८, १८, मिळून ८६. १२ नंबरचा पाचही फेऱ्या धावतो, दुसरा, दुसरा, पहिला, तिसरा, पहिला: १८, १८, २५, १५, २५. एकूण १०१, सर्वांत कमी म्हणजे १५ वगळले की ८६. दोघंही ८६ वर! मग आधी पाहायचं, कुणी जास्त फेऱ्या जिंकल्या. दोघांच्या दोन-दोन. मग दुसरे क्रमांक. तेही दोन-दोन. मग तिसरे क्रमांक: १२ नंबरकडे एक आहे, ७ कडे नाही. करंडक १२ नंबरचा. इथे लक्षात घ्या, बरोबरी सोडवताना वगळलेली फेरीही धरायची. जो पाचही वेळा आला, त्याला येण्याचं फळ मिळालं पाहिजे.

शेवटच्या फेरीला दुप्पट गुण द्या असं कुणीतरी सुचवेलच, रंगत वाढते म्हणून. फॉर्म्युला वनने २०१४ च्या अबू धाबीच्या शर्यतीला ते करून पाहिलं आणि पुढच्याच वर्षी सोडलं. नोव्हेंबरात धुक्यात उठून मिळवलेले गुण जानेवारीत अर्ध्या किमतीचे करू नका. अर्धे गुणही नकोत. १९८४ मध्ये मोनॅकोची शर्यत पावसाने अर्ध्यात थांबली, निम्मे गुण दिले गेले आणि वर्षाअखेर निकी लाउडा ७२ विरुद्ध ७१.५ असा प्रोस्टच्या पुढे राहिला. आपल्याकडे अवकाळी पावसाने फेरी मोडली तर ती पुढच्या रविवारी पुन्हा घ्या.

गावाचा करंडक

मोटारींमध्ये १९५८ पासून चालकांबरोबर गाडी बनवणाऱ्यांचीही वेगळी गुणस्पर्धा आहे. पहिल्या वर्षी ती व्हॅनवॉलने जिंकली. आपल्याकडे त्या जागी गाव ठेवा. आमचा नियम असा की गावाची बेरीज म्हणजे त्या गावातल्या वरच्या तीन मुलांचे आणि वरच्या दोन मुलींचे गुण. निदान दोन मुली धावल्या नाहीत तर त्या फेरीत गावाची बेरीज धरली जात नाही.

माझ्या मते सगळ्या मालिकेत या एका नियमाची किंमत सर्वांत जास्त आहे. मुलींना धावू द्या म्हणून मी घरोघर जायचे तेव्हा आया ऐकून घ्यायच्या, चहा द्यायच्या, आणि पोरगी मात्र यायची नाही. करंडकाचा नियम लागल्यावर पारावरची माणसंच विचारू लागली, "आपल्या गावातल्या पोट्ट्या काहून नाई पळत?" एका गावात तर दोन सुना साडीचा काष्टा घालून ८०० मीटर धावल्या, कारण गावाला मुली कमी पडत होत्या. त्यांतली एक सहावी आली. दुसऱ्या फेरीला तिच्या सासूने स्वतः तिचा नंबर छातीवर टाचून दिला, मी बाजूलाच उभी होते.

मुली याव्यात असं वाटत असेल तर सोबत एवढं कराच: शाळेची एक खोली कुलूप-किल्लीसह कपडे बदलायला, मैदानावर निदान दोन बाया कार्यकर्त्या म्हणून, आणि दुसऱ्या गावाहून मुलींना आणायला-न्यायला एक गाडी, जिच्यात एक बाईमाणूस बसलेली असेल.

शर्यतीचा दिवस

नंबर कापडाचे करा. मांजरपाटाचे वीतभर चौकोन, त्यावर फॅब्रिक रंगाने आकडा, चार सेफ्टी पिना. एका धावपटूला एकच नंबर सगळ्या हंगामासाठी द्या. लोक नावाआधी नंबर ओळखायला लागतात आणि फळाही वाचायला सोपा जातो.

२०० मीटरच्या ट्रॅकवर एका वेळी पंधराहून जास्त मुलं सोडू नका, वळणावर कोपर लागतात. जास्त असतील तर दोन गट करा आणि निकाल दोन्ही गटांच्या वेळा एकत्र लावून काढा. पहिल्या फेरीनंतर तक्त्यातले वरचे पंधरा एका गटात घ्या, म्हणजे खरी चुरस समोरासमोर होते.

मैदानाची चक्करं मोजणं हे सर्वांत नाजूक काम. एका मोजणाऱ्याकडे चारच धावपटू द्या आणि प्रत्येक चक्कराला त्याने वेळ लिहिलीच पाहिजे. "सातवं झालं का आठवं?" हा वाद त्या कागदावरच मिटतो. शेवटचं चक्कर सुरू होताना पहिल्या धावपटूसाठी शाळेची घंटा वाजवा.

वेळ घेणारे तिघं हवेत. मोबाइलचं स्टॉपवॉच चालतं. शिट्टीच्या आवाजावर बटण दाबू नका, सोडणाऱ्याच्या हातातली झेंडी खाली येताच दाबा. आवाज १०० मीटर यायला सेकंदाचा साधारण तीन दशांश हिस्सा घेतो. तिघांतल्या दोघांची वेळ जुळली तर ती धरा, तिन्ही वेगळ्या असतील तर मधली. शेवटच्या रेघेवर छाती कधी पोचली ते पाहायचं. डोकं, हात, पाय मोजत नाहीत. रेघेच्या अगदी सरळ रेषेत बांबूला एक मोबाइल बांधून व्हिडिओ चालू ठेवा. ब्रसेल्सच्या २०२४ च्या डायमंड लीग अंतिम फेरीत नीरज ८७.८६ वर आणि अँडरसन पीटर्स ८७.८७ वर होता, एका सेंटीमीटरने क्रमांक गेला. आपल्या पोरांचाही इंच-सेकंद तेवढाच मोलाचा धरा.

आक्षेप निकाल वाचल्यापासून अर्ध्या तासात, लेखी. ऐकणारे तिघं, आणि ज्या धावपटूंबद्दल वाद आहे त्यांच्या गावचा त्यात कुणी नको. फळ्यावरचे आकडे त्याच संध्याकाळी लिहा, फोटो काढून पाचही गावांच्या ग्रुपवर टाका. सोमवारवर ढकललं की शंका सुरू होतात.

जिवाची काळजी

नाव घेतानाच विचारा: दम्याचा त्रास आहे का, आठवड्यात ताप येऊन गेला का, घरात कुणाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा तो आनुवंशिक आजार, आहे का. आपल्या विदर्भात हा शेवटचा प्रश्न टाळून चालत नाही. सिकलसेलचा आजार असलेल्याला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय शर्यतीत उतरवू नका. थंडी, पाणी कमी पडणं आणि एकदम दमछाक यांनी त्याचं दुखणं उसळू शकतं. जो फक्त वाहक आहे, म्हणजे ज्याला स्वतःला आजार नाही पण पुढच्या पिढीला तो जाऊ शकतो, तो धावू शकतो, पण सराव हळूहळू वाढवायचा, पाणी भरपूर प्यायचं आणि पायात-कमरेत वेगळंच दुखू लागलं तर तिथेच थांबायचं. हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नका, बाजूला घेऊन विचारा. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात या गोष्टी निघतात हे ध्यानात असू द्या.

प्राथमिक आरोग्य केंद्राला आठवडाभर आधी पत्र देऊन नर्स ताईंना बोलवा. १०८ ची रुग्णवाहिका मैदानापर्यंत येईल अशी एक वाट मोकळी ठेवा, तिथे मोटारसायकली लावू देऊ नका. सुरुवातीआधी वीस मिनिटं अंग गरम करणं सक्तीचं. थंडीत गारठलेल्या पायांनी एकदम पळालं की मांडीचा स्नायू धरतो.

पैसा आणि बक्षिसं

फेरीचं रोख बक्षीस लहान ठेवा, नाहीतर एका फेरीपुरती बाहेरची गाडी येईल आणि तक्ता बिघडवून जाईल. आमच्याकडे फेरीच्या विजेत्याला स्टीलचा डबा मिळतो, बस्स. जे आहे ते हंगामाच्या शेवटी: मुलांत आणि मुलींत पहिल्या तिघांना धावण्याचे चांगले बूट, मापाचे, दुकानात नेऊन घेऊन दिलेले. आणि आणखी एक जोड सर्वांत जास्त वेळ सुधारणाऱ्याला, मग तो तक्त्यात कुठेही असो. पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ वहीत असतेच, वजाबाकी करायची.

बाहेरच्या तालुक्यातल्या पोरांना धावू द्या. त्यांच्यासोबत धावल्यानेच आपली वेळ उतरते. पण गुण मालिकेत नोंदलेल्यांनाच, आणि नोंदणी दुसऱ्या फेरीआधी बंद.

वर्गणी व्यापाऱ्याकडून घ्या, पुढाऱ्याकडून वस्तू घ्या. कुणी पाणी द्यावं, कुणी केळी, कुणी फक्की, कुणी बूट. रोख रक्कम एका माणसाच्या हातात जितकी कमी तितकी मालिका जास्त वर्षं चालते. जमाखर्च गुणतक्त्याच्या शेजारीच, त्याच भिंतीवर लिहा.

शेवटच्या फेरीनंतर प्रत्येक धावपटूला त्याच्या पाचही वेळांचा एक छापील कागद द्या, नंबर आणि तारखांसह. आमच्या पोरांनी ते कागद घरी बोर्डाच्या मार्कशीटसोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले मी पाहिले आहेत. सरावाला कुठून सुरुवात करायची हे त्यांना त्यावरून कळतं, आणि पुढच्या नोव्हेंबरात पहिल्या फेरीचे गट पाडायला तुम्हालाही त्याच वेळा लागतील, म्हणून मूळ वही शाळेच्या कपाटात जपून ठेवा.